मोटेवरून दिसलेला साहेब

खडकीच्या लढाईची एक गोष्ट आमच्या आजोळी फार जिव्हाळ्याने सांगितली जायची. तीत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले थोडे मागे असत आणि पुढे असत दोन मित्र: पेशव्यांचे मोर दीक्षित आणि इंग्रज कप्तान फोर्ड. पेशव्यांच्या पैशावर उभी केलेली एक पलटण दापोडीला होती आणि फोर्ड तिचा मुख्य. लढाई आता टळत नाही असं दिसल्यावर दोघांनी एकमेकांना शब्द दिला, की जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या बायकामुलांना सांभाळायचं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी फोर्डची पलटण दापोडीहून निघाली आणि इंग्रजांना जाऊन मिळाली. दीक्षित त्याच दिवशी पडले, तेही फोर्डच्या पलटणीकडच्या तोफेने. ग्रँट डफच्या इतिहासातही या मैत्रीची आणि या मरणाची हकिगत आली आहे.

माझे आईचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे, ते ही गोष्ट सांगत, पण तिथे थांबत नसत. ‘‘मंग त्या फोर्डाचा बंगला सरकारनं घेतला आन् तिथं बाग लावली,’’ असं म्हणून ते आपल्या खऱ्या गोष्टीकडे वळत. लढाई त्यांना बागेच्या फाटकापर्यंत पोचण्यापुरती हवी असे. मुळा-पवनेच्या संगमाजवळचा फोर्डचा बंगला गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारसाठी घेतला. पावसाळ्यात मुंबई सोडून गव्हर्नर तिथे मुक्कामाला येऊ लागला आणि त्याच आवारात १८२८ साली मुंबई इलाख्याची वनस्पती बाग उभी राहिली. इंग्रजी कागदपत्रांत तिचं नाव दापुरी. पुढे आमच्या जुन्नर भागात, हिवऱ्याला, तिच्या जोडीची दुसरी बाग निघाली. तात्यांचे आजोबा पोरवयात त्या हिवऱ्याच्या बागेत मोट हाकत होते.

धावेवरून बैल खाली उतरले की मोट वर येते, थारोळ्यात पाणी कोसळतं आणि पाटाने वाफ्यांकडे पळतं. बैल मागे येईपर्यंत पोराला इकडेतिकडे बघायला सवड मिळते. त्या सवडीत त्या पोराने जो साहेब पाहिला, तो तात्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकला आणि आम्ही तात्यांच्या तोंडून. साहेब घोड्यावरून उतरायचा, सरळ वाफ्यात शिरायचा, एखादं पान तोडून चुरगाळायचा, हुंगायचा आणि जवळच्या माळ्याला मराठीत विचारायचा, हे तुमच्यात कशाला वापरतात? माळी सांगायचा. बायकांना जास्त ठाऊक असेल तर माळी बायकोला हाक मारायचा. साहेब ऐकून घ्यायचा आणि वहीत लिहायचा. एवढीच गोष्ट. तीत साहेबाला नाव नव्हतं. तो फक्त ‘बागंचा सायेब’ होता.

नाव मला फार उशिरा, पुस्तकांतून मिळालं. अलेक्झांडर गिब्सन. जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या लॉरेन्सकर्क गावचा. एडिंबरोला वैद्यक शिकून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत डॉक्टर म्हणून आला. त्या काळातले बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ असेच डॉक्टरीच्या दारातून आत आलेले असत, कारण औषधं बहुतांशी झाडपाल्यातूनच यायची आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकावंच लागे. गिब्सन हिंदुस्थानी, मराठी आणि गुजराती शिकला. म्हणजे वाफ्यातल्या त्या मराठी प्रश्नांना कागदाचाही आधार आहे.

बागेवर येण्याआधी तो दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर होता. त्या कामाचं वजन आजच्या वाचकाला सांगावं लागेल, इतकी देवी आता विस्मरणात गेली आहे. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. तिच्या पाठची बहीण देवीतच गेली होती. आजी म्हणायची, देवी टोचणारा गावात आला की बाया पोरांना कणगीमागे लपवायच्या. तिच्या लहानपणी, म्हणजे गिब्सननंतर शंभर वर्षांनी ही गत. तर त्याच्या वेळी परक्या देशाच्या, परक्या धर्माच्या माणसाला पोराचा दंड पुढे करायला आई कशी तयार होत असेल? ओसरीवर बसून, तिच्या भाषेत बोलूनच ते साधलं असेल. गावोगाव फिरताना वाटेतल्या झाडाझुडपांची ओळख होणं हे ओघाने आलंच. १८३८ साली दापुरीच्या बागेचा अधीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली तेव्हा हा मुलूख त्याच्या पायाखालचा होता.

बाग तोवर दहा वर्षांची झाली होती. गिब्सनच्या आधी विल्यमसन आणि मग चार्ल्स लश असे दोन डॉक्टर तिचे अधीक्षक होऊन गेले होते. खंतुडीच्या कुळातल्या एका वेलीच्या शास्त्रीय नावात, सेरोपेजिया लशाय, या लशचं नाव आजही आहे. वनस्पती बाग म्हटलं की आपल्याला सावली, बाकडी आणि पाट्या लावलेली झाडं आठवतात. कंपनी सरकारला त्यासाठी पैसे खर्चायचे नव्हते. बागेने आपला खर्च भरून काढावा, मुलखात उपयोगी पिकं रुजवावीत आणि सरकारचे पैसे वाचवावेत, अशी अपेक्षा असे. कोणतं झाड इथल्या हवेत टिकतं, कोणाला किती पाणी लागतं, कोणाचं बी इथे धरतं, हे लावून बघायचं. जे जमलं त्याची रोपं आणि बियाणं वाटायचं. जे जमलं नाही त्याचीही नोंद ठेवायची. अधीक्षकाने वर्षाच्या शेवटी सरकारला अहवाल धाडायचा. आज कृषी विद्यापीठं करतात ते काम तेव्हा या बागांच्या अंगावर होतं.

गिब्सनने या कामात आपली डॉक्टरी ओतली. लष्कराच्या आणि सरकारी दवाखान्यांच्या औषधांचा मोठा भाग विलायतेहून येई. सुएझचा कालवा अजून झालेला नव्हता. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत, माल महिनोन्‌महिने दमट तळघरात पडे आणि वनस्पतींच्या अर्काचा जीव वाटेतच जाई. गिब्सनने औषधी वनस्पती इथेच लावल्या आणि त्यांचा माल मुंबईच्या सरकारी औषध भांडाराला पुरवला. पोट साफ करणारी सोनामुखी त्यात होती, कळा शमवणारा आणि झोप आणणारा खुरासानी ओवा होता. हिवऱ्याच्या बागेचं मोठं काम हेच होतं. जुन्नरची हवा पुण्याहून गार, माती खोल, पाणी बारमाही.

तात्यांच्या गोष्टीत या औषधांचा पत्ता लागायचा तो एका ताकिदीतून. ‘‘त्या वाफ्यातलं पान तोंडात घालायचं न्हाई, बैलालाबी जाऊ द्यायचं न्हाई,’’ अशी ताकीद मोटेवरच्या पोरांना असे. कुठला वाफा, का तोंडात घालायचं नाही, हे तात्यांना ठाऊक नव्हतं. खुरासानी ओवा विषारी आहे, जास्त पोटात गेला तर माणूस बरळायला लागतो, हे मला पुढे वाचताना कळलं आणि त्या ताकिदीचं कोडं उलगडलं. कागदात वाफ्यावरच्या पिकाचं नाव होतं. घरच्या गोष्टीत त्या वाफ्याची भीती होती. दोन्ही समोरासमोर ठेवल्यावरच ती बाग मला पहिल्यांदा जिवंत माणसांची जागा म्हणून दिसली.

या बागेचा सगळ्यात सुंदर ठेवा आज महाराष्ट्रात नाही. तो एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने एका चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची चित्रं काढून घेतली. अशी सुमारे १७० चित्रं तिथे जपलेली आहेत. उद्यानातले अभ्यासक हेन्री नॉल्टी यांनी त्यांचा माग काढला, ती दापुरीची असल्याचं दाखवलं आणि २००२ साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केलं. वनस्पतिशास्त्राचं चित्र म्हणजे फुलांचा गुच्छ नव्हे. पानं समोरासमोर की आडीपाडीने, देठाला लव आहे की नाही, पाकळ्या किती, फळ कुठून फुटतं, हे सगळं त्यात अचूक यावं लागतं, आणि तेही झाड कोमेजायच्या आत. दापुरीच्या चित्रकाराने हे केलंच. शिवाय पानाचा पोत आणि रंगाचा ओलेपणाही कागदावर आणला.

हा चित्रकार गोव्याकडचा असावा. सरकारी कागदांत त्याचा उल्लेख ‘पोर्तुगीज चित्रकार’ एवढाच येतो. नाव नाही. त्याने काढलेल्या प्रत्येक वनस्पतीला लॅटिन नाव आहे, त्या नावापुढे ते ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव आहे, चित्रं करवून घेणाऱ्याचं नाव आहे. ज्याच्या बोटांतून ती उतरली त्याचं मात्र नाही. गोव्यातल्या कुठल्यातरी घरात एखादी आजी आपल्या नातवंडांना सांगत असेल का, की आपला एक पूर्वज घाटावर साहेबाच्या बागेत फुलांची चित्रं काढायचा? माझं मन म्हणतं, सांगत असेल. आणि तिच्या गोष्टीत, तात्यांच्या गोष्टीसारखंच, साहेबाचं नाव नसेल. कागदाने आपली माणसं गाळली आणि गोष्टीने कागदाची. नुकसान दोन्हीकडचं झालं.

१८४७ साली गिब्सनचं काम बागेच्या कुंपणाबाहेर गेलं. मुंबई इलाख्यात जंगल खातं सुरू झालं आणि तो त्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. मद्रास इलाख्यात असा अधिकारी १८५६ साली आला. मुंबई त्याच्या नऊ वर्षं पुढे होती. सरकारला घाई होती ती सागाची. मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या जहाजांना साग हवा होता आणि बंदराजवळचे साग संपत आले होते. गिब्सनला मात्र सागापलीकडचंही दिसत होतं. कोकणातले डोंगर उघडे पडले की झरे आटतात, माती वाहून खाड्या भरतात, हे त्याने सरकारला लिहून कळवलं. आज हे शाळेतलं पोरही सांगेल. १८४० च्या दशकात सरकारी अधिकाऱ्याने ते फिरून, बघून लिहिणं ही मोठी गोष्ट होती. झाड राखण्याची जाण आपल्याकडे आधी नव्हती असं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी आज्ञा आहेच. गिब्सनने त्या जाणिवेला खात्याचं, नकाशाचं आणि परवान्याचं रूप दिलं.

त्या परवान्याची दुसरी बाजू आमच्या आजोळच्या पश्चिमेला, आदिवासी पाड्यांवर सांगितली जाते. तिकडचा एक म्हातारा तात्यांकडे हिरडा विकायला यायचा. तो सांगायचा, पहिल्यांदा कुऱ्हाड घेऊन रानात जायला कोणाला विचारावं लागत नव्हतं. मग सागाला हात लावायचा नाही असं झालं. मग राबाला फांद्या तोडायच्या नाहीत असं झालं. राब म्हणजे भाताची किंवा नाचणीची रोपं टाकण्याआधी त्या जागेवर फांद्या, पालापाचोळा जाळणं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षाचं अन्न नाही. कडक कायदे गिब्सन निवृत्त झाल्यावर आले, पहिला १८६५ चा आणि दुसरा, फार जाचक, १८७८ चा. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगल खात्याने शेतकऱ्यांची गायरानं आणि रानं कशी बंद केली यावर टीका केली, ती याच काळातली. फुले स्वतः माळ्यांच्या घरातले, पेशव्यांना फुलं पुरवणाऱ्या घराण्यातले. माती आणि कुऱ्हाड दोन्हींशी कोणाचा काय संबंध आहे ते त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

गिब्सनला या सगळ्याचा धनी म्हणणं अन्यायाचं होईल. पण झाडाची ओळख विचारायला वाफ्यात माळ्याशेजारी बसणारा माणूस खातं चालवू लागला आणि त्या खात्याने पुढे त्याच माळ्याच्या भाऊबंदांना रानाबाहेर काढलं, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. मला त्याच्याविषयी आदर वाटतो, आणि हिरड्याचं गाठोडं खांद्यावर घेऊन येणाऱ्या त्या म्हाताऱ्यावरही माझा पूर्ण विश्वास आहे. दोघांच्याही बोलण्यात ते रान खरं आहे.

१८६० साली गिब्सन निवृत्त होऊन मायदेशी परतला. त्याची जागा निकोल डाल्झेल याने घेतली. दोघांनी मिळून लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याआधी, १८३९ साली, मुंबईचा पोस्ट अधिकारी जॉन ग्रॅहम याने इथल्या वनस्पतींची यादी केली होती. डाल्झेल आणि गिब्सन यांनी त्यापुढे जाऊन इलाख्यातल्या वनस्पतींची व्यवस्थित वर्णनं दिली. सह्याद्रीतल्या झाडांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या कोणालाही या ग्रंथापाशी यावंच लागतं. गिब्सन १८६७ साली वारला.

दापुरीची बाग त्याच्याही आधी गेली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याला पावसाळी मुक्कामासाठी मोठा वाडा हवा होता. १८६४ साली गणेशखिंडीत त्याचं बांधकाम सुरू झालं. आज तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. दापोडीचा बंगला विकला गेला आणि १८६५ साली बाग बंद झाली. पुरी ३७ वर्षं चालली. ज्या वर्षी बाग मिटली त्याच सुमारास डाल्झेलने सह्याद्रीतल्या एका दुर्मीळ वनस्पतीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला या गव्हर्नराचं नाव दिलं, फ्रेरिया इंडिका. आपण तिला शिंदळ माकुडी म्हणतो. जाड मांसल पानांची ही बुटकी वनस्पती कड्याकपारीत तग धरते, पावसाळा सरताना तिला गडद तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची फुलं येतात. शिवनेरीच्या कड्यावर ती आहे. जगात दुसरीकडे कुठेही न मिळणारी ही माकुडी महाराष्ट्राच्या मोजक्या डोंगरांवरच उरली आहे. गव्हर्नराने बाग ठेवली नाही, पण त्याचं नाव कड्यावर राहिलं.

दापुरीचं काम मात्र बंगल्याबरोबर विकलं गेलं नाही. १८७३ साली गणेशखिंडीत नवी वनस्पती बाग निघाली. मार्शल वुड्रो हा तिचा अधीक्षक पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. त्याने हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिलं आणि नंतर खास आंब्यावर. पुढे याच गणेशखिंडीत डॉ. जी. एस. चीमा यांनी पेरूच्या रोपांतून १९२७ साली एक वाण निवडला, तो लखनौ ४९. इथेच त्यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून द्राक्षाचा जो वाण काढला तो चीमा साहेबी. आमच्या नारायणगाव भागात द्राक्षाच्या पहिल्या बागा उभ्या राहिल्या तेव्हा चीमा साहेबीचं नाव घरोघरी होतं. थॉमसन सीडलेस नंतर आलं. तात्यांच्या विहिरीशेजारी लखनौ ४९ ची दोन झाडं होती. पेरू कापला की ते हमखास म्हणत, ‘‘गणेशखिंडीचा हाय, सरकारी बागंचा.’’ ‘सरकारी बाग’ या दोन शब्दांत त्यांच्यासाठी हिवरा, दापोडी आणि गणेशखिंड एकच होतं. इतिहासाच्या दृष्टीने ते फार चुकीचंही नव्हतं. साहेब बदलले, इंग्रज गेले, आपले शास्त्रज्ञ आले. पण लावून बघायचं, निवडायचं आणि वाटायचं, हे काम एका हातातून दुसऱ्या हातात येत राहिलं.

हा दुसरा हात नेहमी माळ्याचा होता. बागेचा प्रमुख बदलून जातो, आजारपणाच्या रजेवर जातो, मायदेशी जातो. रोपाला पाणी द्यायला थांबतो तो माळी. कुठल्या कलमाचा जोड धरला, कुठल्या वाफ्यात वाळवी लागली, परदेशाहून आलेलं बी सावलीत रुजलं की उन्हात, हे नव्या साहेबाला सांगतो तो माळीच. गिब्सनसारख्या माणसाचं मोठेपण मला यात दिसतं, की त्याला हे ठाऊक होतं आणि म्हणून तो विचारत होता. जे विचारलं त्याची उत्तरं ‘उपयोग’ या सदराखाली पुस्तकांत गेली. उत्तरं देणाऱ्यांसाठी पुस्तकात सदर नव्हतं.

गणेशखिंडीची बाग २०२० साली महाराष्ट्राचं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. म्हणजे तिच्या झाडांना आता संरक्षण आहे आणि त्यांची नोंद होते आहे. या नोंदीत आणखी एक वही उघडावी, असं मला मनापासून वाटतं. राज्यातल्या प्रत्येक जुन्या बागेत, रोपवाटिकेत, फळसंशोधन केंद्रात पिढ्यान्‌पिढ्या राबलेली कुटुंबं अजून आसपास राहतात. त्यांच्यातली म्हातारी माणसं अजून बोलती आहेत. कोणाच्या पणजोबाने कुठलं झाड लावलं, कुठली विहीर कोणी खोदली, कुठल्या साहेबाने काय विचारलं, हे त्यांना आठवतं. त्यातलं काही चुकीचं निघेल, काही कागदाशी जुळेल, आणि काही कागदालाच दुरुस्त करील. अधीक्षकांच्या नावांची पाटी बागेत असते. ती असावीच, गिब्सनचं नाव तर ठळक असावं. तिच्या शेजारी माळ्यांच्या नावांची पाटी हवी. तात्यांच्या आजोबांचं नाव मला माहीत आहे आणि ते लिहून द्यायला मी तयार आहे. असे द्यायला तयार असलेले अनेक जण निघतील. त्यांना विचारणारा कोणीतरी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जायला हवा, आणि तो याच वर्षी जायला हवा, कारण ही माणसं आता थोडी उरली आहेत.